सव्वीस वर्षांची जीभ

प्रिय चिंगे,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि आज शनिवार आहे. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर टाकणारा माणूस मी, त्यामुळे चार दिवस इकडून काहीच आलं नाही म्हणून तू धुसफुसत असशील. तुझ्या मजकुराकडे मी येणार आहे, पण आधी इथलं सांगतो. ते सांगितल्याशिवाय तिकडचं बोलायला मला तोंड नाही. मला तोंड नाही हे मीच लिहितोय म्हटल्यावर तू पत्राच्या शेवटी सही कुणाची आहे ते बघशील. बघ. माझीच आहे.

घर जागेवर आहे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मोजणी अधिकारी पहाटे पाचला उठून खुर्च्या सरकवतात. एकट्या माणसाला त्या वेळी इतक्या खुर्च्या कशाला लागतात हे आयुष्यभर जमिनी मोजूनही त्यांना सांगता येत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं नवी पाटी लावली, चार शब्दांत दोन चुका. मी सांगायला गेलो, तर म्हणाला, 'काका, लोक पाव वाचत नाहीत, खातात.' तेव्हापासून मी पाव पलीकडच्या गल्लीतून आणतो. तो वाईट असतो, पण तत्त्व म्हणून खातो. चर्चमध्ये मंडळीपुढे पाळकसाहेब दर रविवारी उपदेशाचे तीन मुद्दे सांगतो म्हणतात आणि तिसरा विसरतात. पुढच्या बाकावरच्या बाई अजून सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे गातात, आणि गेले काही महिने तर गाताना एक हात गालावर ठेवायला लागल्या होत्या. शेजारी बसलेल्या खजिनदाराला मी म्हटलं, बाईंना आता दातदुखीचंही नाटक सुचलं. या नाटकाबद्दल पुढे लिहितो.

गुणगुण्या तुला आठवत असेलच. तू शाळेतून कारखान्यात यायचीस तेव्हा तो तुला मेणाचे ससे करून द्यायचा आणि सशाला पुढचे दात लावायला विसरायचा. आयुष्य कवळ्या बनवण्यात गेलं आणि सशाचे दात विसरला, यात तो सगळा आला. गेली सव्वीस वर्षं त्या एका खोलीत आम्ही दोघं तीन दवाखान्यांच्या कवळ्या करतो. साचे ओतायचे, घासायचे, पॉलिश करायचं हे त्याचं; मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर बरोबर टेकतो का ते बघायचं, म्हणजे ज्याला काम म्हणतात ते माझं. तो दिवसभर मंडळीतली गीतं गुणगुणतो, प्रत्येकाची पहिली ओळ बरोबर आणि दुसरी कुठल्यातरी तिसऱ्याच गीताची. चहाचा कप विसळत नाही. मोरीत प्लास्टर ओततो आणि मग मोरी तुंबली म्हणून नवल करतो. काहीही विचारा, 'होऊन जाईल.' आणि गेली दोन वर्षं तर रोज सकाळी चाळीस मिनिटं उशीर. एके दिवशी बस, दुसऱ्या दिवशी गुडघा, तिसऱ्या दिवशी मेव्हणा. मी एकदा त्याला विचारलंही, तुझा मेव्हणा बसखाली येऊन त्याच्या गुडघ्याला लागलं असतं तर तीन दिवसांची कारणं एकाच दिवशी संपली असती ना? तो हसला. तो नेहमी हसायचा. अपमान कळायलाही थोडी अक्कल लागते, असं मी तेव्हा मनात म्हटलं. मनात म्हटलं असं लिहितोय, पण बहुधा मोठ्यानंच म्हटलं असेन.

तर महिन्यापूर्वी पाळकसाहेब मला म्हणाले, 'बुधवारच्या प्रार्थनेला तुम्ही एकमेकांना सहन करण्यावर चार शब्द बोला. तुमचा या विषयातला अनुभव दांडगा आहे.' मी ती स्तुती समजलो. आता वाटतं, त्या माणसाला मी समजतो त्यापेक्षा जास्त कळतं. चार शब्दांची मी चाळीस मिनिटं केली. म्हटलं, देव काही माणसं मुद्दाम ओबडधोबड ठेवतो आणि आपल्या शेजारी बसवतो, त्यांच्यावर घासून आपल्याला चकाकी यावी म्हणून. आमच्या पॉलिशच्या चाकासारखं. मग उदाहरणं दिली. नाव घेतलं नाही, मी काय इतका हलका आहे? फक्त गुणगुणणं, कप, मोरी आणि मेव्हणा एवढंच सांगितलं. अख्खी खोली मागे वळून त्याच्याकडे बघून हसली. तोही हसला. त्याची बायको तेवढी आपल्या चपलांकडे बघत होती. प्रार्थनेनंतर तीन जणांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की फार आशीर्वाद मिळाला. मी घरी येऊन दोन अंडी जास्त खाल्ली.

पुढच्या सोमवारी त्याला ताप भरला. तयार कवळ्यांचा डबा पोचवायचा होता, म्हणून कित्येक वर्षांनी मी स्वतः त्या तीनपैकी मोठ्या दवाखान्यात गेलो. काउंटरवर नवी मुलगी, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. तिनं मला कधी पाहिलेलं नाही. मी कारखान्याचं नाव सांगितलं तर म्हणाली, 'आज ते गाणारे काका नाही आले? परत आलेल्या कवळ्या न्यायला तेच रोज सकाळी येतात.' मी विचारलं, कसल्या परत आलेल्या? ती रजिस्टरमधून मान वर न करता बोलत राहिली. 'तुमच्याकडे ते दुसरे म्हातारे आहेत ना, दात बसवणारे, त्यांचे हात कापतात. कवळ्या बसत नाहीत नीट. मग हे काका घरी नेऊन सगळं उकलतात आणि परत बसवून आणतात. पण त्या म्हाताऱ्यांना कळू द्यायचं नाही असं त्यांनी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलंय.' मग तिनं मान वर केली. मी डबा काउंटरवर ठेवत होतो आणि डब्याचं झाकण खडखड वाजत होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. बिचारी. त्या क्षणी मात्र मी तिला मनात बिचारी म्हटलं नाही, मूर्ख म्हटलं.

काउंटरच्या खणात परत आलेल्या तीन कवळ्या होत्या, प्रत्येकीला नाव आणि तक्रारीची चिठ्ठी. 'डावीकडे उंच.' 'बोलताना सुटते.' 'गालाला लागते, आत जखम.' मी तिन्ही हातात घेऊन उजेडाकडे धरल्या. चिंगे, कामावर पहिल्या महिन्यात असलेल्या पोरानं असं काम केलं असतं तर मी ते त्याच्यासमोर फोडून टाकलं असतं. तिसरी कवळी पुढच्या बाकावरच्या बाईंची होती.

तिथून मी तडक गुणगुण्याच्या घरी गेलो. तीन जिने. दार बायकोनं उघडलं. तो स्वयंपाकघरात टेबलाशी अंगावर पांघरूण घेऊन बसला होता, समोर लहानसा दिवा, मेण, माझ्याकडे आहेत तशीच हत्यारं, आणि मी गुरुवारी बसवलेली कवळी दात काढून ठेवलेली. मला बघताच त्यानं त्यावर वर्तमानपत्र ओढलं, आणि मी राहू दे म्हटल्यावर पुन्हा काढलं. कधीपासून, मी विचारलं. 'झाली दोन वर्षं. थोडी जास्तच.' मग मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, 'अहो, सांगितलं असतं तर तुम्ही मला जगू दिलं असतंत का?' मी म्हटलं, माझी कीव करायचा अधिकार तुला कुणी दिला? त्यावर तो नाक पुसत, अगदी बसचा नंबर सांगावा तसा म्हणाला, 'कीव नाही हो. सव्वीस वर्षं तुमची जीभ सोसली. त्यापुढे हातांचं काय एवढं?'

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी त्याला पुरून उरलो असतो. टोमण्यात या गावात मला जोड नाही. पण तो खरंच हिशेबात धरल्यासारखं सांगत होता की हात त्या मानानं सोपे गेले. वर म्हणाला, 'शास्त्रात सोसून घ्या म्हटलंय, सोसून घेतलं. दुसरं मला काही जमत नाही.' तेव्हा तुझ्या बापानं काय केलं असेल? त्याच्या घरात, त्याच्या तापात, माझी चूक त्याच्या टेबलावर उघडी पडलेली असताना मी त्याला सांगितलं की शास्त्रात चुकणाऱ्याला एकांतात गाठून त्याची चूक दाखवावी असंही म्हटलंय, आणि अध्याय सांगितला. तो म्हणाला, 'असेल.' मी निघालो. दार लावून घेताना त्याची बायको एवढंच बोलली, 'बुधवारी तुम्ही छान बोललात.'

आता तुला वाटेल की मी तीन जिने उतरेपर्यंत पश्चात्तापानं विरघळलो. मुळीच नाही. मी संतापलो होतो. आपल्या नकळत आपल्यावर उपकार करणाऱ्या माणसाइतकं चीड आणणारं दुसरं काही नसतं. ज्याला मी दोन वर्षं आळशी म्हणत होतो त्यानं मला आळशीही म्हणू देऊ नये, म्हणजे हद्द झाली. घरी येऊन मी गुडघे टेकले. माझी प्रार्थना तुला माहीत आहे. तू लहानपणी डोळे मिटायच्या ऐवजी घड्याळाकडे बघायचीस. माझ्या प्रार्थना म्हणजे वरिष्ठांकडे केलेले तक्रारअर्ज असतात. याला सुधार, त्याला बुद्धी दे, तिला गप्प कर. त्या दिवशी सुरुवात केली आणि लक्षात आलं की अर्जदाराचंच नाव तक्रारीत आहे. हात कापतात हे पाप नव्हे, ते वय आहे. पण जीभ? चिंगे, खरं सांगतो, ती दोषात मोडते हे मला त्रेसष्ट वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी तिला माझा गुण समजत होतो. स्पष्टवक्तेपणा म्हणत होतो. लोक सोसताहेत हे दिसत होतं, पण मला वाटायचं की ते सत्य सोसताहेत.

मग तुझ्या आईची आठवण झाली, आणि ती मी टाळू शकलो नाही. ती काही सांगायला लागली की शेपटाकडून सुरू करायची. बाजारात कुणी भेटलं हे सांगायचं असलं तर आधी पिशवीचा बंद कसा तुटला तिथून. मी पेपर खाली न करता म्हणायचो, मुद्द्यावर ये. पंचवीस वर्षं म्हटलं. मुद्द्यावर येता येता ती गप्प झाली. शेवटच्या दोन वर्षांत ती 'वाढलंय' आणि 'गोळी घेतली का' याच्यापलीकडे फारसं बोलत नसे, आणि मी बाहेर अभिमानानं सांगायचो की आमच्याकडे कशी शांतता असते. त्या पिशवीचा बंद शेवटी कसा तुटला ते मला आजही माहीत नाही.

त्या आठवड्यात मी शुभवर्तमान पुन्हा वाचलं. या वेळी इतरांना लागू पडणाऱ्या जागांवर खुणा न करता. प्रभूनं निवडलेले बारा जण घे. त्यातला एकही माझ्याकडे कामाला लागला असता तर मी आठवड्यात हाकलला असता. एक विचार करण्याआधी बोलणारा. दोघं सख्खे भाऊ, मानाच्या जागेसाठी वशिला लावणारे. एकाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही पटायचं नाही. आणि नेमक्या ज्या वेळी जागं राहा म्हणून विनवलं त्या वेळी सगळे घोरत पडलेले. त्यानं त्यांना सुनावलं नाही असं नाही, चांगलं सुनावलं. पण सुनावून झाल्यावर तो त्यांच्याच पंगतीला जेवायला बसला, आणि उठून त्यांचे पाय धुतले. मी फक्त पहिला भाग शिकलो. माझ्या हातात पाण्याचं भांडं कुणी कधी पाहिलं नाही.

पुढचं थोडक्यात. पुढच्या बाकावरच्या बाईंकडे मी स्वतः गेलो आणि सांगितलं की तुमच्या गालाची जखम माझ्या हातची आहे. त्या म्हणाल्या, 'अगंबाई, मला वाटलं माझंच तोंड वाकडं.' पाच महिने ती बाई स्वतःच्या तोंडाला दोष देत माझ्या दातांनी जेवत होती आणि मी तिला नाटकी म्हणत होतो. मग गुणगुण्या बरा होऊन आला तेव्हा मी माझं सामान त्याच्या टेबलावर नेलं आणि त्याचं माझ्या. आता दात तो बसवतो आणि साचे मी ओततो. माफी मागितली का, हे तू विचारशील. मागितली. तो म्हणाला, 'होऊन जाईल.' काय होऊन जाईल ते त्यालाच ठाऊक.

आणि वरिष्ठ म्हणून तो असह्य आहे, हेही सांगतो, नाहीतर तू समजशील की म्हातारा संत झाला. आता तो दुप्पट मोठ्यानं गुणगुणतो. वेळेवर येतो, पण येताना खिशातून गरम शेंगदाणे आणतो आणि टरफलं माझ्या प्लास्टरमध्ये पडतात. कप अजून विसळत नाही. मी सोमवारी गप्प राहिलो, मंगळवारी राहिलो, बुधवारी राहिलो, आणि गुरुवारी तोंडातून सुटलंच. तो हसला. या खेपेला त्या हसण्याकडे मी नीट बघितलं. त्याला सगळं कळतं, चिंगे. सव्वीस वर्षं प्रत्येक शब्द कळत होता. आता मी एवढंच शिकलोय की सहन करणं म्हणजे तो माणूस आवडणं नव्हे, आणि त्याच्यापेक्षा वर बसून त्याच्याकडे बघणं तर नव्हेच नव्हे. ते त्याच्याच बाकावर बसून करायचं काम आहे आणि मला ते अजून नीट येत नाही.

आता तुझं पत्र. 'पप्पा, तुमचंच खरं होतं. मी महिनाअखेर मुलीला घेऊन कायमची येते.' हे वाक्य वाचून मला काय झालं ते लपवत नाही: मला आनंद झाला. हे सगळं घडून तीन आठवडे झालेले, बोटांना प्लास्टर लागलेलं, आणि तरी मी ते दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलं, कुणाला तरी दाखवावं म्हणून. मग पुढचं वाचलं. जावयानं अर्धवट रंगवून ठेवलेली भिंत, हरवलेल्या किल्ल्या, विसरलेले वाढदिवस, कुणीही गळ घातली की फुकट काम करून येणं, तोच विनोद पाहुण्यांसमोर पाचव्यांदा. चार पानं, आणि प्रत्येक वाक्य घोटीव, नेमकं, हसू येईल असं. मी ती पानं मारहाण, दारू, दुसरी बाई यांच्यासाठी तीनदा शोधली. यातलं काही असेल आणि लाजेनं लिहिलं नसशील तर एक ओळ पाठव. दुसऱ्या दिवशी मी टेम्पो घेऊन दारात उभा असेन, आणि एक प्रश्न विचारणार नाही. पण नसेल, तर ही चार पानं तुझी नाहीत. ती माझी आहेत. अक्षर तेवढं तुझं. तू लिहितेस की आता चार वर्षांची पोरसुद्धा बापाला 'उद्यासाहेब' म्हणून हाक मारते आणि सगळे हसतात. ते नाव तुमच्या लग्नाच्या जेवणावर मी ठेवलं होतं, पन्नास माणसांसमोर, आणि तो बिचारा सगळ्यांबरोबर हसला होता. माझं ज्ञान म्हणून मी तुला एवढंच दिलं आणि तू ते तिला देते आहेस. म्हणून लिहितोय, चिंगे. तुझी खोली झाडून ठेवलीय, ये म्हणालीस तर ये. पण माझं खरं होतं म्हणून येऊ नकोस. त्याच्या चुका मला बरोबर दिसल्या होत्या, तेवढंच. जावयांना माझा सलाम सांग, आणि सांगताना हसू नकोस.

तुझाच, अजून शिकाऊ,
पप्पा